गेडेस साहेब आणि इंदूरच्या गल्ल्या

१९१७ सालची गोष्ट. होळकरांच्या इंदूर शहरात पिकल्या दाढीचा एक युरोपियन गृहस्थ हाती शहराचा नकाशा घेऊन सकाळ-संध्याकाळ पायी हिंडत असे. राजवाड्यामागच्या गल्ल्या, जुन्या इंदुरातील बोळ, नदीकाठची वस्ती, काही म्हणून त्याने सोडले नव्हते. तो मध्येच थांबे, एखाद्या पडक्या भिंतीकडे किंवा विहिरीकडे पाही आणि नकाशावर खूण करी. काही दिवसांनी त्याच्या ध्यानात आले, की आपण दिसलो म्हणजे लोक बोट दाखवून भेदरलेल्या चेहऱ्याने काहीतरी कुजबुजतात. सोबतच्या अधिकाऱ्याला त्याने अर्थ विचारला, तेव्हा उत्तर मिळाले ते असे, की प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असे लोक म्हणत आहेत.

या साहेबांचे नाव पॅट्रिक गेडेस. इंदूर दरबारने त्यांना शहराची पाहणी करण्यासाठी बोलावले होते. शहरात प्लेगची साथ होती, आणि साहेब, नकाशा व प्लेग या तीन गोष्टींची सांगड लोकांनी मनाशी घालून टाकली होती.

ही सांगड अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेण्याजोगी मात्र नव्हती. प्लेग मुंबईच्या मांडवी भागात प्रथम दिसला तो १८९६ साली. त्यानंतर घरझडत्या झाल्या, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली, सामानसुमान जाळले गेले. पुण्यात १८९७ साली या बंदोबस्तातून काय प्रकार घडला आणि रँडसाहेबाचा शेवट कसा झाला, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. पुढे १८९८ साली मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते काढावेत, म्हणजे समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात शिरेल आणि रोगराई हटेल, असा त्याचा सिद्धान्त होता. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे त्याच धोरणाचे फळ. आज त्या रस्त्यांवरून जाताना त्यांचा उपयोग कोणी नाकारणार नाही. परंतु त्यांच्या जागी ज्या चाळी होत्या, त्यांतील माणसे कोठे गेली? आरंभीच्या वर्षांत ट्रस्टने जेवढी बिऱ्हाडे मोडली, तेवढी नवी उभारली नाहीत. मजुरी करणाऱ्याला कामाच्या ठिकाणापासून दूर जाणे परवडत नाही. तो शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत, आणखी एका बिऱ्हाडाची भर घालून राहिला. एका जागची गर्दी उठली आणि दुसऱ्या जागी जाऊन बसली. ट्रस्टने पुढे दादर-माटुंग्याकडे ऐसपैस वसाहती वसवल्या हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण चाळीतून उठवलेल्या हमालाला त्यांचा लाभ क्वचितच झाला.

कपड्यालत्त्यांत जशी एक चाल येते आणि दुसरी जाते, तशीच शहरांच्या बाबतीतही. पॅरिसमध्ये १८५३ ते १८७० या काळात ओस्मान या अधिकाऱ्याने जुन्या वस्त्या चिरून प्रशस्त हमरस्ते काढले, आणि त्यानंतर जगातील प्रत्येक महत्त्वाकांक्षी शहराला आपल्या अंगावरही असे रस्ते हवेसे वाटू लागले. हिंदुस्थानातील संस्थानिक आणि नगरपालिका याला अपवाद नव्हत्या. इंजिनियरने कचेरीत बसावे, नकाशावर पट्टी ठेवावी आणि तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढावी. ती रेघ कोणाच्या देवघरावरून जाते आणि कोणाच्या विहिरीवरून, हे त्या कागदावर दिसत नसे.

गेडेस यांचे वैशिष्ट्य हे, की ते मुळी इंजिनियर नव्हतेच. त्यांचा जन्म १८५४ सालचा, स्कॉटलंडमधला. विख्यात शास्त्रज्ञ हक्स्ले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे शिक्षण घेतले. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून करावयाच्या संशोधनाची वाट त्यांना जवळजवळ बंद झाली. डंडी येथील महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले खरे, पण त्यांचे मन माणसांच्या वारुळांकडे, म्हणजे शहरांकडे, वळले होते. लग्न होऊन वर्ष होते न होते तोच ते पत्नी ॲनासह एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ समजल्या जाणाऱ्या वस्तीत, जेम्स कोर्ट नावाच्या चौकात राहावयास गेले. तेथे त्यांनी व्याख्याने दिली नाहीत. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना रंग दिला, अंगण झाडले, खिडक्यांत फुलझाडे लावली, आणि जी घरे अगदीच मोडकळीला आली होती तेवढीच काढून चौकात उजेड आणला. पुढील सर्व कार्याचे बीज या एका चौकात आहे.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना नगररचनेचे प्रदर्शन घेऊन बोलावले होते. नकाशे व चित्रे घेऊन निघालेले जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. जन्मभराचा संग्रह समुद्रतळाशी गेला. मित्रांनी धावाधाव करून नवी सामग्री पाठवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन उघडले! त्यानंतरच्या वर्षांत तंजावर, ठाणे, सुरत, अहमदाबाद, बडोदे, लखनौ, लाहोर, ढाका अशा कितीतरी शहरांची त्यांनी पाहणी केली.

त्यांची पद्धत एखाद्या जुन्या वैद्यासारखी होती. वैद्य आधी नाडी पाहतो, जीभ पाहतो, खाण्यापिण्याची चौकशी करतो आणि मगच मात्रा देतो. शस्त्र उचलण्याची वेळ आलीच, तर दुखऱ्या जागेपुरतेच उचलतो. गेडेस यांनीही आपल्या उपचाराला शस्त्रक्रियेचेच रूपक दिले होते, पण ती राखून, जपून करावयाची शस्त्रक्रिया. तंजावरच्या किल्ल्यात, जेथे व्यंकोजीराजांच्या वंशजांनी राज्य केले त्या वस्तीतून, सरळ रस्ते काढण्याची एक योजना तयार होती. गेडेस यांनी गल्ल्या पायाखाली घातल्या. त्यांना आढळले, की अनेक ठिकाणी घरे आधीच कोसळून जागा मोकळ्या पडल्या आहेत. त्या जागा एकमेकींना जोडाव्यात, एखादी भिंत चार हात मागे घ्यावी, पिंपळाचा पार राखावा, देवळासमोर छोटेसे अंगण करावे, म्हणजे वारा व उजेड आपोआप येतो, आणि तोही मूळ योजनेच्या एका अल्पशा अंशाएवढ्या खर्चात. अरुंद गल्लीत दुपारी सावली असते आणि रुंद रस्त्यावर ऊन व धूळ, ही गोष्ट उष्ण देशात विसरता कामा नये, असेही त्यांचे म्हणणे होते. हिवतापाच्या भयाने तळी बुजवण्याची टूम त्या काळी निघाली होती. तीही त्यांना पसंत नव्हती. तळ्यात मासे सोडा, ते डासांची पिले खाऊन टाकतील आणि गावाचे पाणी गावात राहील, असा त्यांचा सल्ला असे.

इंदूर शहर तरी कोणी आखून वसवले होते? अठराव्या शतकाच्या आरंभी कंपेलचे जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी नदीकाठी पेठ वसवली. पुढे माळवा मराठ्यांकडे आला आणि मल्हारराव होळकरांचे येथे ठाणे झाले. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वरला राहून. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर मात्र राजधानी इंदुरास आली आणि शहराने बाळसे धरले. दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे, मारवाडातून आलेले सराफ, बोहरी व्यापारी, विणकर, प्रत्येकाने आपापल्या सोयीची जागा धरली. रेल्वे आली, कापडाच्या गिरण्या निघाल्या. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ८६ हजार होती. त्यानंतर प्लेगच्या साथींनी ती अशी पोखरली, की पुढच्या मोजणीत शहर ओसरल्यासारखे दिसले. गेडेस आले ते अशा भ्यालेल्या शहरात.

स्वतः गेडेसही त्या वर्षी सुखात नव्हते. एप्रिल महिन्यात त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲनाबाई त्या वेळी हिंदुस्थानातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना धक्का सोसणार नाही म्हणून गेडेस यांनी ती वार्ता त्यांच्यापासून लपवली. जूनमध्ये त्याही गेल्या, मुलगा हयात आहे असे समजूनच. ज्या बाईने एडिंबरोच्या त्या चौकात हातात झाडू घेतला होता, तिच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच हा वृद्ध माणूस परक्या शहराच्या गटारांची तपासणी करीत होता. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या लोकांना हे कोठून कळणार?

लोकांचे भय अहवाल लिहून जाणार नव्हते. गेडेस यांनी महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्यापुढे एक विलक्षण मागणी ठेवली. मला एका दिवसापुरते महाराज करा, असे ते म्हणाले. आणि ती मान्य झाली. ही हकीकत पुढे गेडेस यांनी स्वतः सांगितलेली आहे.

शहरात दवंडी पिटली गेली. दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. पण ती नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. हिंदूंच्या मिरवणुकांचा मार्ग वेगळा आणि मुसलमानांचा वेगळा, हे इंदुरातही ठरून गेले होते. या दोन्ही मार्गांना फाटा देऊन, ज्या रस्त्यांवर सर्वांत अधिक घरे झाडून, डागडुजी करून, रंगवून स्वच्छ झाली असतील, त्या रस्त्यांनी यंदा मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. घरातला केरकचरा नगरपालिका फुकट उचलून नेईल, हेही सांगण्यात आले. मग काय विचारता! आमच्याच आळीतून मिरवणूक गेली पाहिजे, या ईर्ष्येने घरोघर माळे रिकामे होऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्यांची अडगळ दाराबाहेर पडली. सहा हजारांहून अधिक गाड्या कचरा निघाला, असे गेडेस सांगतात. उंदीर पिंजऱ्यांत धरण्यात आले तेही हजारांनी. गल्लीवाल्यांनी आपण होऊन रस्त्याचे खड्डे बुजवले.

दिवाळीच्या दिवशी आघाडीला हत्ती, घोडेस्वार, तोफा असा दरबारी थाट होता. त्यामागे शेतीची व धान्याची शोभा आणि लक्ष्मीची स्वारी. मग वाद्यांचा सूर मुद्दाम बेसूर झाला आणि पडक्या, ओंगळ घरांचे देखावे आले. घाणीचा राक्षस आला, आणि त्याच्यापाठोपाठ एक अवाढव्य उंदीर, प्लेगचा! त्याच्या अंगावर पिसवाही दाखवल्या होत्या. त्यानंतर थोडा वेळ काहीच आले नाही. आणि मग वाद्ये पुन्हा सुरात वाजू लागली व शहराचे सफाई कामगार आले. अंगावर नवे पांढरे कपडे, डोक्याला नवे फेटे, झाडूंना फुले. त्यांच्या गाड्यांना ताजा रंग दिलेला आणि बैलांची शिंगे रंगवलेली. त्यांच्यामागे नगरपालिकेचे अधिकारी, कारागिरांचे चित्ररथ आणि होऊ घातलेल्या नव्या इमारतींचे नमुने. वाटेत लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. रात्री घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे दहन झाले, आतषबाजी झाली. त्या दिवसानंतर गेडेस गल्लीतून जात, तेव्हाही लोक बोट दाखवीत, पण हसून.

साथ ओसरली. तिचा हंगामच सरत आला होता हे एक कारण, आणि हजारो उंदीर व गाड्या भरभरून कचरा शहराबाहेर गेला हे दुसरे. कोणत्याचा वाटा किती, हे आज तोलून सांगता येणार नाही. पण गेडेस यांची खरी करामत उंदराच्या पुतळ्यात नसून मार्गाच्या निवडीत होती. राज्यकर्त्याने रस्ता आखावा आणि लोकांनी वाट सोडावी, हा क्रम त्यांनी उलटा केला. लोकांनी रस्ता तयार करावा आणि राज्यकर्त्याच्या हत्तीने त्या रस्त्याने जावे. शिवाय ज्यांची सावलीही टाळली जाई, त्यांना मिरवणुकीत मानाने चालवणे, हे १९१७ साली एका संस्थानी राजधानीत घडले ही गोष्ट लहान नव्हे. ते एका दिवसाचे होते, हेही तितकेच खरे. दुसऱ्या दिवशी झाडू तेच होते आणि ते धरणारे हातही तेच.

गेडेस यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांनी आजवर लिहिलेल्या अहवालांत तो सर्वांत विस्तृत. त्याची सुरुवात करावी नदीपासून, असा त्यांचा आग्रह. खान व सरस्वती या दोन नद्या शहरातून वाहतात. त्या स्वच्छ राखाव्यात, काठाने घाट व बागा असाव्यात, म्हणजे निम्मे आरोग्य साधले. शहरभर नळांची भुयारी गटारे बांधण्याची एक खर्चिक योजना पुढे आली होती. तिला त्यांनी विरोध केला. मैला पाण्यात सोडून नदी नासवण्यापेक्षा तो मातीत जावा, बागांना खत व्हावे, असे त्यांचे मत. गिरणी कामगारांसाठी बागांसह छोटी घरे, जुन्या मोहल्ल्यांत जागोजाग किरकोळ दुरुस्त्या, आणि इंदुरात विद्यापीठ असावे यासाठी एक दीर्घ विवेचनही त्यात आहे. विद्यापीठ निघाले, पण १९६४ साली. आज ते अहिल्याबाईंच्या नावाने ओळखले जाते.

गेडेस यांचे सगळेच बरोबर होते असे समजण्याचे कारण नाही. भुयारी गटारांविषयीचे त्यांचे मत ऐंशी-नव्वद हजारांच्या गावाला कदाचित चालले असते. वीस लाखांच्या नगरात घरामागच्या बागेत मैला मुरवता येत नाही. त्यांचे लेखन पसरट असे, आणि अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नेमके करावयाचे काय, हे शोधावे लागे. बरेच अहवाल कपाटात राहिले, त्याला हेही एक कारण.

दुसरीही एक गैरसमजूत दूर केली पाहिजे. शहराला आपल्या चालीने वाढू द्यावे म्हणजे त्याच्याकडे पाहूच नये, असे गेडेस यांनी कधी म्हटले नाही. माळी झाडाला ओढून उंच करीत नाही, पण तो झोपाही काढीत नाही. सरळ रस्त्याशीही त्यांचे वैर नव्हते, आणि असण्याचे कारणही नाही. सवाई जयसिंहाचे जयपूर १७२७ साली आखूनच वसवले गेले. गोव्याकडे पाहावे, तर तेथे एकाच कथेत दोन्ही बाजू सापडतात. रोगराईने ओस पडलेले जुने गोवे पुन्हा उभारावे, असा हुकूम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनहून पोंबालने सोडला. पैसा खर्च झाला, मजूर मेले, शहर काही उठले नाही. लोक खाली मांडवीच्या मुखाकडे पणजीला केव्हाच सरकू लागले होते. तेथे १८२७ ते १८३५ या काळात गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रु यांनी दलदल भरून सरळ रस्ते आखले, आणि ती आखणी टिकली, कारण लोक जिकडे जात होते तिकडेच ती गेली. १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. आणि त्याच पणजीत, ओहोळाच्या काठाने वाकडीतिकडी वाढलेली फोन्तेन्यशची वस्तीही नांदत राहिली.

१९१९ साली गेडेस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. प्रकृतीच्या कारणाने १९२४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला, आणि १९३२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे ते वारले. त्यांच्या हिंदुस्थानातील अहवालांतील निवडक उतारे १९४७ साली पुस्तकरूपाने निघाले. पण स्वतंत्र भारताच्या डोळ्यांपुढे तेव्हा दुसरीच चाल होती. १९५१ पासून चंदिगढची आखणी ल कॉर्ब्युझिए यांच्या हाती गेली, आणि चौकोनी सेक्टर, रुंद हमरस्ते व सिमेंटच्या भव्य इमारती म्हणजेच आधुनिकता, असे एक पिढीभर समजले गेले. रिकाम्या माळावर जे शोभले, ते भरवस्तीच्या जुन्या शहरांवरही घालून पाहण्याचा मोह कित्येकांना झाला.

इंदूर २०१७ साली देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. त्या दिवाळीच्या मिरवणुकीला त्याच वर्षी शंभर वर्षे झाली. हा मान शहराने नंतरही वर्षानुवर्षे राखला. घरोघर ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय गृहिणींनी लावून घेतली, आणि पहाटे रस्ते झाडणाऱ्या कामगारांचे कौतुक आता इंदूरकर अभिमानाने करतात. गेडेस असते, तर त्यांनी त्या झाडूंना पुन्हा फुले बांधली असती. ‘स्मार्ट सिटी’च्या योजनेत इंदूरची निवड झाली ती २०१६ च्या जानेवारीत. तीत राजवाड्याच्या परिसराचा विकास पुढे आला, आणि तेथील काही रस्ते रुंद करताना जुन्या घरांचे दर्शनी भाग काढावे लागले. लाकडी सज्जे आणि ओसऱ्या गेल्या, घरे चार-सहा हात मागे सरली. आणि खान नदी, जिच्यापासून आरंभ करावा असे १९१८ च्या अहवालात सांगितले होते, ती अनेक दशके शहराचा नाला होऊन वाहिली. तिच्यात पडणारी गटारे एकेक करून वळवण्याचे काम त्या सूचनेनंतर जवळजवळ एका शतकाने हाती घेण्यात आले.